शेरा

सकाळी सात वाजता विठ्ठलवाडीच्या घाटावर
बाटलीत पाणी भरताना
बुडबुडा राहू द्यायचा नाही, एवढंच.
एक बुडबुडा राहिला
तर अख्ख्या शहराचं खोटं आपल्या नावावर चढतं.

हे आयरे बाईंनी शिकवलं.
तेव्हा मी चोवीस वर्षांची होते
आणि बूट माझ्या मापाचे नव्हते.

मग दोन मिली हे, दोन मिली ते,
बाटली उलटसुलट.
साका तपकिरी बसला तर प्राणवायू आहे.
पांढरा बसला तर नाही.
आमच्या धंद्यात पांढरं म्हणजे स्वच्छ नव्हे,
पांढरं म्हणजे खाली कुणी श्वास घेत नाही.

संगमावर उन्हाळाभर पांढराच.
गाळात फक्त रक्तकिडे, लालभडक, माना डोलावत.
त्यांच्यातही हिमोग्लोबिन असतं आपल्यासारखं,
तन्वीर मुलाणी नव्या मुलांना सांगतो,
आणि नवी मुलं एक पाऊल मागे सरकतात.
तेवढ्यात पुलावरून कुणी निर्माल्याची पिशवी सोडतं,
प्लॅस्टिकची, गाठ मारलेली, श्रद्धेनं.
आम्ही तीही टिपतो :
स्टेशन तीन, आठ वाजून दहा मिनिटं.

संस्थेच्या तळमजल्यावर बरण्या आहेत.
फॉर्मलिनमध्ये रंग टिकत नाहीत,
सगळे मासे शेवटी एकाच रंगाचे होतात,
कपात विसरलेल्या चहाच्या.
एका बरणीवर काळ्या शाईत :
मुरी. मुठा, लकडी पुलाखाली.
साल पुसलं गेलंय.
तिच्यासमोर डबा उघडून मी कितीदा जेवले,
मटकीची उसळ, पोळी,
आणि ती, बुडाशी तोंड करून.

सोनबा घटमळ, भोई, वय ब्याऐंशी,
बरणी डोळ्याला लावून म्हणाले,
ही व्हय.
ही पायाच्या बोटांना गुदगुल्या करायची.
आता पाय कोण घालतंय.

तापमान, पीएच, गढूळपणा, प्राणवायू.
त्यांचं वाक्य कुठल्या रकान्यात लिहू?
शेवटचा रकाना शेऱ्याचा,
एकोणीस वर्षं बहुतेक रिकामाच.

डिसेंबरातला गुरुवार. वरून पाणी सोडलं होतं,
कशासाठी ते आम्हाला कुणी कळवत नाही.
स्टेशन एक. चाळणीत वाळू,
एक गंजका सेल, तीन गोगलगायी,
आणि वाळूचाच एक तुकडा
जो अचानक वाळू असण्याचं सोंग सोडून वळवळला.
बोटाएवढी.
अंगावर पट्टे, कुणी घाईत ओढल्यासारखे,
ओठांवर मिशा.
तन्वीर बोलला नाही, मीही नाही.
वर रस्त्यावर पीएमपीने करकचून ब्रेक मारला.

नियम साधा आहे.
नमुना नाही तर नोंद नाही.
नोंद नाही तर ती नाही.
बरणी पिशवीत होती. फॉर्मलिन होतं.
कोरं लेबलसुद्धा होतं.
तिचे कल्ले उघडत होते, मिटत होते,
मी मोजले, सवयीनं,
चाळीसपर्यंत.
तन्वीरनं फोन काढला. फोटोत आलं
माझं ओलं बोट आणि कडेला काहीतरी निसटतं.

चाळणी मी पाण्यात कलती केली.

दुपारी विभागप्रमुख म्हणाल्या,
धरणातून वाहत आली असेल,
नाहीतर कुणाच्या काचेच्या पेटीतून.
असेलही.
शास्त्रात असेलही-ला जागा असते, हवीच.
मी भांडले नाही.
पण रात्री आयरे बाई आल्याच, त्यांच्या त्या चष्म्यातून :
एक तरी पुरावा आणायचास गं,
एक मेली असती, नदीला वकील मिळाला असता.
याला माझ्याकडे उत्तर नाही. अजून नाही.

रजिस्टरमध्ये लिहिलं :
साका तपकिरी, फिकट.
शेरा : मुरी, एक. पाहिली. नमुना घेतला नाही.
खाली सही, पूर्ण नावानिशी.

सोनबांना सांगायला गेले
तर त्यांनी एवढंच विचारलं, कुठल्या हाताला?
डाव्या, मी म्हटलं, घाटाच्या खाली, खड्यांत.
त्यांनी मान हलवली,
कुणा नातेवाइकाचा पत्ता
बरोबर निघाल्यासारखी.